हक्कसोडीची होळगी

जगातल्या गरिबीची कारणं मला तोंडपाठ आहेत. आमच्या घरात डाळ कुठल्या डब्यात असते, हे मात्र मला अजून माहीत नाही. तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला, देशोदेशी हिंडलेला, पन्नाशी उलटलेला माणूस असा कसा राहतो? राहतो हो. वर्षाराणीसारखी बायको आणि शिवूसारखी बहीण असली की खुशाल राहतो.

आमच्या मोहिमेचं नाव 'वाटा'. लिमातल्या सामुदायिक स्वयंपाकघरं चालवणाऱ्या बाया, मलावीतल्या चहामळ्यांतल्या मजुरणी, फिलिपाइन्सचे मच्छीमार आणि कोल्हापुरातून मी. 'गरिबी पडत नाही, पाडली जाते' ही घोषणा माझी. ती आता कुठकुठल्या भाषांत भिंतींवर रंगवली आहे. मला त्यातली एकही भाषा वाचता येत नाही, तरी फोटो बघितला की छाती फुगते. जमिनी कुणाच्या नावावर आहेत, कर कोण चुकवतं, गरीब देशांच्या कर्जाच्या अटी कोण लिहितं, यावर मी न थांबता बोलू शकतो. वर्षाराणीची तक्रार त्या 'न थांबता'बद्दलच आहे.

यंदा ठरलं की एकाच दिवशी जगभर घरसभा घ्यायच्या. मोर्चे उदंड झाले होते. मोर्चात माणूस दुसऱ्याच्या नावानं ओरडतो आणि घरी येऊन पाय पसरून चहा मागतो. म्हणून प्रत्येक गावातल्या एका घरानं कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगायचं की आमच्यात राबतं कोण आणि मालमत्ता कुणाच्या नावावर आहे. नियम एकच. ज्याच्या नावावर सगळ्यात कमी, त्यानं आधी बोलायचं, आणि त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. हा नियम मीच सुचवला. सुचवला तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतून टाळ्या आल्या होत्या, आणि त्या टाळ्यांवर मी पुढचा आठवडाभर जगलो.

आता माझा शहाणपणा ऐका. कोल्हापूरची घरसभा कुणाच्या घरात घ्यायची? शिवाजी पेठेतल्या तालमीच्या पोरांना विचारलं, तर त्या दिवशी फुटबॉलची फायनल. मग म्हटलं, आपल्याच मोठ्या घरी घेऊ, जिथं वडील अप्पा आणि थोरला भाऊ अण्णा राहतात. अप्पांनी त्याच दिवशी सगळ्यांना बोलावलेलं, म्हणजे माणसं आयती, वर होळगीचं जेवण. माणसं कशासाठी जमणार आहेत हे मला पक्कं माहीत होतं. खरं (आम्ही 'पण'ला 'खरं' म्हणतो) या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडेल, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

जमणार होती ती हक्कसोडीसाठी. अप्पांचं वय झालं होतं, आणि शिरोली एमआयडीसीतली आमची ओतकामाची फौंड्री राजशेखरअण्णाच्या आणि माझ्या नावावर करायची होती. ती उभी राहिली आजोबांची कागलची शेती विकून. म्हणून वकील म्हणाले, बहिणीचाही हक्क पोचतो, तिची सही लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायचं होतं. आमच्या घराण्याची रीत अशी की आदल्या दिवशी बहिणीला पाटावर बसवायचं, इरकली लुगडं नेसवायचं, आणि भावानं तिला होळगीचा पहिला घास भरवायचा. होळगी म्हणजे पुरणपोळीच. आम्ही सीमेकडचे लिंगायत, आमच्या तोंडात ते कानडी नाव बसलेलं. घास गिळून झाला की बहिणीनं म्हणायचं, 'माझं काही मागणं नाही.' शांताआत्यानं अप्पांसाठी हे म्हटलेलं आहे. त्याआधी अप्पांच्या आत्यानं म्हटलं असणार. कुणी विचारायला गेलेलं नाही.

कारखान्याला नाव शिवूचं आहे. ती जन्मली आणि भट्टी पेटली, म्हणून अप्पांनी दोघींचं नाव शिवांजलीच ठेवलं. नवरा गेल्यापासून शिवू रोज कागलहून येते आणि कोअर शॉप सांभाळते. ओतकाम आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा ठोकळा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. तो करायचं काम आमच्याकडं बायकाच करतात, आणि शिवू त्यांची मुख्य. एक कोअर तडकला तर सगळं कास्टिंग भंगारात, म्हणून तिचं लक्ष सगळ्यांवर. गेटवरच्या पाटीवर तिचं नाव रोज धूळ खातं आणि तिचा पगार अण्णा ठरवतो.

स्वयंपाकघरात काय घडलं ते मी बघितलेलं नाही. वर्षाराणीनं ते मला नंतर इतक्यांदा ऐकवलंय की आता मला पुरणाचा वासही आठवतो.

वहिनी पोराकडं बेंगळूरला गेलेल्या. त्यामुळं पुरण वाटण्यापासून सगळं शिवूच्याच गळ्यात पडलेलं.

"वन्सं, तुमचीच होळगी आणि तुमीच लाटताय?" वर्षाराणीनं विचारलं.

"मग काय तुझा नवरा लाटणार हाय?"

"त्यांना लाटणं दाखवलं तर ते त्याच्यावर भाषण करतील."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसताच शिवूनं तव्यावरची होळगी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, "वर्षा, तू केली असतीस सही?"

"मला भाऊच न्हाय. मला कोण इचारतंय?" वर्षाराणीनं तूप पुढं सरकवलं. "तुमाला करायची न्हाय व्हय?"

"करायचीच म्हणून आलोय की." आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात. बोलण्यापुरती तरी कोल्हापुरात पूर्ण समानता आहे. "सकाळपासनं मनाला तेच सांगतोय. मला बंगला नको, गाडी नको. खरं कोअर शॉपमधी माझा शब्द चालला पायजे. अण्णा हाय तवर चालंल. उद्या सम्राट गादीवर बसला आणि म्हणाला, 'आत्या, आता तुमी घरी बसा, कोअर बाहेरनं घेतो,' तर मी त्याला काय दाखवू? गेटावरची पाटी?"

सम्राट म्हणजे अण्णाचा पोरगा. पोरगा चांगला आहे, खरं मॅनेजमेंट शिकलाय.

"मग सही करू नका."

"माहेर तुटंल गं. अण्णा बोलायचा न्हाय. अप्पा जेवायचं न्हाईत." शिवूनं पदरानं कपाळ पुसलं. "आणि तुझा नवरा? त्यो काय म्हणंल?"

"माझा नवरा," वर्षाराणी म्हणाली, "जगात कुठंबी अन्याय झाला की उठून उभा ऱ्हातो. शिरोली त्याच्या जगात येतीया का, ते आज बघू."

अण्णाची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर तो म्हणेल, तू लिहितोस म्हणून मला खलनायक करतोस. तो आणि अप्पा तेव्हा बाहेर गॅलरीत होते.

"राजू," अप्पा म्हणाले, "शिवूनं वाटा मागितला तर रं?"

"ती न्हाय मागत."

"मागितला तर म्हणतोय मी."

अण्णा उखडला. त्याचंही काही चुकीचं नव्हतं. "अप्पा, भट्टीम्होरं मी उभा ऱ्हातोय. ऑर्डर गेली की बँकवाला मला फोन लावतोय, शशीला न्हाय. शशी आफ्रिकेत गरिबी हटवायला जातोय तवा त्याचा वाटा मी हिकडं बिनबोभाट बाजूला काढून ठेवतोय. त्या बिनकामाच्या वाट्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलाय? आता त्यात आणि एक वाटा घालायचा?"

"शिवू काम करती की," अप्पा म्हणाले.

हे अण्णानंच मला सांगितलं, भांडता भांडता, आणि सांगून झाल्यावर सांगितल्याचा त्याला राग आला.

मी या वेळी काय करत होतो? हॉलमध्ये फलक लावत होतो. 'गरिबी पडत नाही, पाडली जाते.' फलक तिरका लागत होता आणि मला त्याची फार चिंता पडली होती. लॅपटॉप स्टुलावर ठेवला. पडद्यावर एकेक घर उगवायला लागलं. मलावीची ग्रेस, मागं पत्र्याचं छप्पर आणि अख्खं बिऱ्हाड. लिमाची रोसा, मागं हे एवढं थोरलं पातेलं. सभेची भाषा इंग्रजी, आणि वर्षाराणी शाळेत ती शिकवते, म्हणून दुभाषी ती. हे मी तिला न विचारताच ठरवलं होतं.

मी प्रास्ताविक केलं. थोडक्यात करायचं होतं. रोसाच्या मागच्या पातेल्यातलं काहीतरी करपलं, तेव्हा मी थांबलो. मग नियम वाचून दाखवला आणि म्हटलं, "चला, या घरात ज्याच्या नावावर सगळ्यात कमी आहे, त्यानं पहिलं बोलावं."

"मग मीच बोलतो," अण्णा खुर्ची पुढं ओढत म्हणाला. "फौंड्री बँकेकडं तारण, राहतं घर तारण. माझ्या नावावर नुसतं हप्तं हायत."

"लेका, तू गप," अप्पा म्हणाले. "मी सगळं तुमाला देऊन मोकळा हुतोय. उद्यापासनं माझ्या नावावर ह्यो चष्मासुदिक ऱ्हाणार न्हाय. मी बोलणार."

आता मोठ्या मनानं कुणीतरी थांबावं की नाही? मी नाही थांबलो. "तसं बघायला गेलं तर," मी घसा साफ करून म्हणालो, "सगळ्यात कमी माझ्याच नावावर आहे. फ्लॅट वर्षाच्या नावावर, गाडी वर्षाच्या नावावर. मी तसा फकीरच आहे."

"फ्लॅटचं हप्तं पण वर्षाच्याच पगारातनं जात्यात," वर्षाराणी म्हणाली, "ते सांगू का त्यांना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं सांगूनही टाकलं. लिमात हशा पिकला. मलावीत एक म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. तीन खाऊनपिऊन टुणटुणीत बाप्ये गरिबीच्या मानासाठी जगासमोर भांडत होते, आणि तिघांनाही मनापासून वाटत होतं की आपल्यावर अन्याय होतोय.

तेवढ्यात आतून शांताआत्याची हाक आली. आत्या अप्पांहून मोठी, निपाणीजवळच्या खेड्यातली. तिला लॅपटॉपशी देणंघेणं नव्हतं. "पाट मांडलाय, रांगोळी झालीया. गप्पा कसल्या हाणताय? शिवू, ये गं बाई." तिनं पाट हॉलमध्येच, पंख्याखाली, बरोबर कॅमेऱ्यासमोर मांडला होता. शिवू नवं लुगडं नेसून येऊन बसली. तिच्या कोपराला अजून पीठ होतं.

ग्रेस पुढं वाकली आणि काहीतरी विचारलं. वर्षाराणीनं मोठ्यानं मराठीत सांगितलं, "ती विचारतीय, ह्यांचा वाढदिवस हाय का?"

आम्ही तिघं भाऊ-बाप एकमेकांकडं बघायला लागलो. आत्याला मात्र उत्तर ठाऊक होतं आणि अभिमानही होता. "वाढदिवस न्हवं. उद्या ही भावांना आपला हक्क सोडून देती. म्हणून होळगी."

वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नको, नको. तिनं एकही शब्द न गाळता भाषांतर केलं.

मग ग्रेसनं हळूच विचारलं, आणि वर्षाराणीनं तितक्याच हळू सांगितलं, "त्याच्या बदल्यात हिला काय मिळतं?"

"लुगडं मिळतंय की!" आत्या म्हणाली. "आणि माहेर मिळतंय."

तेही गेलं जगभर. मग रोसा बोलली, तिच्या हातात पळी होती आणि ती माझ्याच दिशेनं हलत होती असं मला वाटलं. "ती म्हणतीय, तुमीच तर नियम केला," वर्षाराणी म्हणाली. "मग ह्या बाईंना पहिलं का बोलू देत न्हाय?"

शिवूनं मान वर केली. तिनं तोंड उघडलं. आणि मी, वंचितांचा आवाज जगाच्या वेशीपर्यंत पोचवणारा शशिधर, झटक्यात पुढं झालो आणि आवाजाचं बटण बंद केलं.

"नेटवर्क," मी म्हणालो. "नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला."

चित्र चालूच होतं. ग्रेस कानाला हात लावून काहीतरी विचारत होती. वर्षाराणी माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिला माझ्याबद्दल फारशा अपेक्षा उरलेल्या नाहीत, तरी त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही. मला लाज वाटली. लाज वाटूनही हात बटणावरून निघाला नाही.

"बरं झालं बंद केलास, दादा," शिवू म्हणाली. "मला जगाला सांगायचंच नव्हतं. तुमालाच सांगायचंय." तिनं कोपराचं पीठ झटकलं. "मी सही करत न्हाय."

"काय?" अण्णा उठलाच.

"सही करत न्हाय म्हटलं. तुझ्याएवढाच माझा वाटा हाय, त्यो मला पायजे. मी मेहेरबानीवर कारखान्यात येत न्हाय, अण्णा. मी कामाला येतोय."

सगळ्यात आधी उसळली ती आत्या. तिच्या आत काय चाललं होतं ते मला नंतर उमगलं. तिनं आयुष्यभर ज्या सोडण्याचा मान मिरवला, तो मान शिवू एका वाक्यात मातीमोल करत होती. "अगं, मी सोडलं न्हवं का?" ती ओरडली. "माझ्या आईबापानं सांगितलं, मी सोडलं. मला काय दात न्हवतं मागायला? मी केलं ते काय येडेपणा म्हणून केलं? ह्याच सिद्दूसाठी केलं की! मला काय कमी पडलं?" सिद्दू म्हणजे अप्पा.



"काय कमी पडलं?" ती पुन्हा म्हणाली, पण आता आवाज उतरला होता. "मालक गेल्यावर ऱ्हायला आलतो मी हितं. सिद्दू, तू मला इचारलास, 'अक्का, किती दिवस ऱ्हाणार हाईस?' तू चांगल्या मनानंच इचारलास, मी न्हाय म्हणत न्हाय. आंब्याची पेटी कधी मागवायची ते बघायचं हुतं तुला. खरं मला रातभर झोप लागली न्हाय. घर माझं बी असतं तर कुणी मला असं इचारलं असतं का रं?"

अप्पांना ते आठवतही नसणार. त्यांनी आत्याकडं बघितलं, मग शिवूकडं. अप्पा संतापले किंवा गहिवरले की कानडीत जातात. "निनग एन बेकु, मगळे?" ते म्हणाले. तुला काय पाहिजे, पोरी? हा प्रश्न त्यांनी तिला लग्नाच्या वेळीही विचारला नव्हता, असं शिवू पुढं कित्येकदा म्हणाली.

"सांगितलं की, अप्पा."

"शशी," अप्पा माझ्याकडं वळले. "राजूचं मला ठाऊक हाय. तू बोल. तू दोन शब्द जास्त शिकलाईस."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. पडद्यावरचीही, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. टाळ्यांची सोय नव्हती.

मी बोललो. तेच बोललो जे मी गेली कित्येक वर्षं बोलत आलोय. "हे बघ शिवू, हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, तो व्यवस्थेचा आहे. घाईनं काही करण्यापेक्षा आपण यावर एक व्यापक चर्चा करू. हवं तर एक समिती..."

अण्णा इतक्या जोरात हसला की आत्या दचकली. "ऐकलंस शिवू? ह्यो माझ्याच बाजूचा हाय! मी तोंडावर सांगतो, ह्यो ठराव करून सांगतो, एवढाच फरक." त्यानं येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. अण्णानं माझ्या खांद्यावर असा हात कधी टाकला होता ते आठवत नाही. आम्हा दोघांचं सहसा पटत नाही. आणि खरं सांगतो, तो हात मला बरा वाटला. ऊब वाटली. अण्णा खोटं बोलत नव्हता. माझ्या विमानांची तिकिटं ज्या वाट्यातून निघत होती, तो वाटा घटणार होता, आणि व्यापक चर्चेची आठवण मला तेवढ्याचसाठी झाली होती. शिवूनं मान खाली घातली होती. तिला माझ्याकडून दुसरं काही अपेक्षित नसावं, हे मला अण्णाच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"सही करू नकोस, शिवू," मी म्हणालो.

"काय पुटपुटतोयस?" आत्या म्हणाली. "मोठ्यानं बोल की. चौकात तर माईक लागत न्हाय तुला."

"सही करू नकोस! तिसरा वाटा तुझा हाय!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू देसायांनी खिडकी लावून घेतली.

अण्णाचा हात खांद्यावरून गेला. "लई शहाणा," तो म्हणाला. "मग उद्यापासनं तू पण ये कारखान्यात. वाटा घेतोस नव्हं? कोअर शॉपमधी उभा ऱ्हा, तिच्या हाताखाली."

"मला नको त्यो," शिवू लगेच म्हणाली. "सगळं कोअर फोडून ठेवील."

मी जिची बाजू घेतली, तीच मला कामावर घ्यायला तयार नव्हती. वर्षाराणी हसली. तिच्या डोळ्यांत मघाचं ते काही उरलं नव्हतं, निदान थोडं कमी झालं होतं.

"वकिलाला फोन लावा," अप्पा म्हणाले.

"मी न्हाय लावत," अण्णा खिडकीशी गेला.

"शशी, तू लाव. आणि स्पीकरवर लाव, सगळ्यांनी ऐकू दे."

मी मोठमोठ्या बँकांच्या अध्यक्षांना खुली पत्रं लिहिलेली आहेत. घरच्या वकिलाला फोन लावताना मी दोनदा चुकीचा नंबर लावला. "वकीलसाहेब, उद्याचं रद्द. हक्कसोड नाही. कागद नव्यानं करा, तीन सारख्या वाट्यांचा."

मग वकील म्हणाले, "शशिधरराव, तुमचा वाटा कमी होतोय, हे समजतंय ना तुम्हाला? तुमची मान्यता आहे?"

"आहे," मी म्हणालो. एवढं छोटं भाषण मी जन्मात केलं नव्हतं.

"आणि राजशेखररावांची?"

आम्ही सगळे खिडकीकडं बघायला लागलो. अण्णा पाठमोरा उभा होता. त्याच्या मानेवर भट्टीच्या धगीनं पडलेले ते जुने काळे डाग दिसत होते, आणि मला पहिल्यांदाच त्याची दया आली. तोही राबलाच होता. त्याला वाटा कुणी फुकट दिला नव्हता.

"अण्णा," शिवू म्हणाली, "मी तुझ्यातनं काढून घेत न्हाय रं. मी तुझ्या शेजारी उभा ऱ्हातोय."

अण्णानं खिडकीची कडी उघडून परत लावली. मग खिडकीतूनच म्हणाला, "त्याला सांग, राजशेखर अजून उपाशी हाय. जेवून सांगतो म्हणावं."

आमच्या घरात हा नकार नसतो. होकारही नसतो, पण अप्पांनी सुस्कारा सोडला आणि मी फोन ठेवला.

पडद्यावर ग्रेस दोन्ही हात हलवत होती. तिच्या मागं शेजारपाजारचे लोकही गोळा झाले होते. मूकपटात आमचं घर भांडताना त्यांनी सगळं बघितलेलं. वर्षाराणीनं मला बाजूला सारलं आणि बटण चालू केलं. ग्रेसचा आवाज एकदम खोलीत आला.

"ती विचारतीय, आवाज कुणाचा गेला हुता, त्यांचा का आपला?" वर्षाराणी म्हणाली. "आणि तुमची सभा संपली का?"

कुणी उत्तर द्यायच्या आत शिवू पाटावरून उठली. पाट तिनं पायानंच भिंतीकडं सरकवला आणि माझी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली. कॅमेऱ्यात कुठं बघायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती सरळ ग्रेसकडंच बघत होती.

"संपली न्हाय म्हणावं," ती म्हणाली. "सांग त्यांना, वर्षा. माझं नाव शिवांजली. मी कोअर बनवतो. माझ्या नावावर आजतागायत काही न्हाय, आणि मला माझा वाटा पायजे."

वर्षाराणीनं ते एकेक शब्द करून इंग्रजीत सांगितलं. मलावीत आणि लिमात सगळे पडद्याजवळ सरकले. मला तिथं एक फार चांगला मुद्दा सुचला होता. मी बोललो नाही.